१७ सप्टेंबरचा दिनविशेष पूर्ण वाचूया

दरवर्षी १७ सप्टेंबरच्या सकाळी मराठवाड्यातल्या बहुतेक मोबाइलवर 'आजचा दिनविशेष' येऊन पडतो. घटना, जन्म, मृत्यू असे तीन भाग असतात. घटनांमध्ये वरच ठळक ओळ असते: १९४८, हैदराबाद संस्थान भारतात विलीन, मराठवाडा मुक्त. खाली अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या झाल्याचा दिवस (१७८७) आणि इजिप्त-इस्रायलमधला कॅम्प डेव्हिड करार (१९७८). जन्मांमध्ये पेरियार (१८७९), प्रबोधनकार ठाकरे (१८८५), पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन (१९१५), चित्रकथांतून मुलांना इतिहास सांगणारे अनंत पै (१९२९) आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी (१९५०). मृत्यूंमध्ये गीतकार हसरत जयपुरी (१९९९). अशाच याद्या शाळांच्या परिपाठात वाचल्या जातात, फळ्यावर लिहिल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी पुसल्या जातात.

दुपारपर्यंत मात्र मेसेजचा सूर बदलतो. 'रझाकार' हा शब्द येतो आणि संध्याकाळपर्यंत रझाकार म्हणजे मुसलमान असा सरळ हिशोब मांडलेले फॉरवर्ड फिरू लागतात. वर्गातल्या एखाद्या अहमदला किंवा सलमानला त्या दिवशी 'ए रझाकार' अशी हाक ऐकावी लागते. हे बीड, माजलगाव, गेवराई, परळी इथल्या कितीतरी पालकांना माहीत आहे. आपल्या मोहल्ल्यांचं त्यावरचं उत्तर ठरलेलं असतं: गप्प राहा, आजचा दिवस जाऊ दे.

माझं म्हणणं असं आहे की हा दिवस जाऊ देण्यासारखा नाही. त्या दिनविशेषातली कोणतीही ओळ खोटी नाही, पण यादी अपुरी आहे. ती पूर्ण करण्याचं काम दुसऱ्या कुणावर सोडून चालणार नाही. ते आपलंही काम आहे.

यादी कशी तयार होते

मी मूळचा बीड जिल्ह्यातला, नोकरी सॉफ्टवेअरची. त्यामुळे दिनविशेष पाहिला की त्यामागचं यंत्र दिसतं. हजारो नोंदींचा एक तक्ता असतो. प्रत्येक नोंदीला दिवस, महिना आणि वर्ष. त्यातलं वर्ष बाजूला ठेवायचं आणि दिवस-महिना जुळणाऱ्या ओळी वर काढायच्या. झाला दिनविशेष. वर्षात ३६५ खाने, फार तर ३६६. जगाचा इतिहास एवढा मोठा आहे की कोणताही खाना रिकामा राहत नाही. पेरियार आणि प्रबोधनकार एकाच खान्यात आले ते निव्वळ योगायोगाने. त्यात गूढ काही नाही.

योगायोग निरुपद्रवी असतो, निवड तशी नसते. हजार ओळींतून दहा ओळी कोणी निवडल्या, हा खरा प्रश्न आहे. या पद्धतीत आणखी दोन उणिवा आहेत.

पहिली, तक्त्यात तेच येतं ज्याला एक नेमकी तारीख आहे. करारावर सही होते, राजा शरण येतो, मोठा माणूस जन्मतो, त्याला तारीख असते. दुष्काळाला, स्थलांतराला, महिनाभर चाललेल्या कत्तलीला एक तारीख नसते. बैरूतमधली सब्रा-शातिलाची कत्तल १९८२ च्या १६ ते १८ सप्टेंबरला झाली. ती कोणत्या दिवसाच्या खान्यात टाकायची? बऱ्याचदा ती कुठल्याच खान्यात येत नाही.

दुसरी उणीव म्हणजे कारण एका तारखेला आणि परिणाम दुसऱ्या तारखेला असेल तर दोन्ही ओळी कधीच शेजारी येत नाहीत. २२ ऑगस्टची गोष्ट १७ सप्टेंबरला कुणी सांगत नाही.

आपल्या भागातल्या साध्या माणसांची तर तारखेशी गाठच पडली नव्हती. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी वडीलधाऱ्यांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच लिहिली. खरं वय विचारलं तर म्हातारी माणसं सांगायची, 'पोलीस अ‍ॅक्शनच्या वक्ताला मी एवढा होतो' किंवा 'बहात्तरच्या दुष्काळात माझं लग्न झालं'. त्यांचं कॅलेंडर घटनांचं होतं, आकड्यांचं नव्हतं. निजामाच्या राज्यात सरकारी दप्तर फसली सनावर चालायचं, मुसलमान घरांतले सण आणि बरसी हिजरी महिन्यांवर. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस हिजरी १३६७ च्या जिल्काद महिन्यात येतो. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे त्या दिवसांत गेलेल्यांची बरसी घरात होत राहिली, पण ती १७ सप्टेंबरशी पुन्हा क्वचितच जुळली. सरकारी दिवस आणि घरातला दिवस वेगळे पडले ते असे.

त्या शुक्रवारी

१५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता. १७ सप्टेंबर १९४८ लाही शुक्रवारच होता. मध्ये बरोबर ५७ आठवडे गेले. देश स्वतंत्र झाला तेव्हा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांना तेरा महिने दोन दिवस थांबावं लागलं.

हे थांबणं शांत नव्हतं. त्याआधीची दहा वर्षंही शांत नव्हती. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि कॉलेजातून काढलं गेलं. त्या काळी मोमिनाबाद म्हटलं जाणाऱ्या आपल्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते. योगेश्वरी विद्यालयाच्या कामातून ते पुढे संस्थानभरच्या लढ्याचे नेते झाले. नांदेड जिल्ह्यात गोविंदराव पानसरे १९४६ मध्ये मारले गेले. लोकांच्या मागण्या साध्या होत्या: निवडून दिलेलं सरकार, मातृभाषेत शिक्षण, सभा घेण्याचा हक्क, जहागिरदार-देशमुखांच्या वेठबिगारीतून सुटका. या मागण्यांत धर्म कुठे होता?

लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांनी शेवटच्या वर्षी खेड्यापाड्यांत लूट केली, गावं जाळली, माणसं मारली, हजारो कुटुंबांना सरहद्द ओलांडून सोलापूर-नगरकडे पळायला लावलं. हे आपण आडपडदा न ठेवता म्हणायला हवं. आपल्यातल्या काहींचे पणजोबा त्यात असतील, काहींचे त्याच्याविरुद्ध असतील, बहुतेकांचे पोट भरण्याच्या विवंचनेत असतील. साक्ष स्वतःच्या माणसाविरुद्ध गेली तरी खरी द्यायची, ही शिकवण आपल्या घरात लहानपणापासून मिळते. ती इथेही लागू आहे.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आणि इतर दिशांनी आत आलं. १७ तारखेला पंतप्रधान लायक अली यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि निजामाने युद्धबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी जनरल अल इद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्याच १७ तारखेला जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्क बर्नाडोट यांची झिऑनिस्ट अतिरेक्यांनी गोळ्या घालून हत्या केली. हैदराबादचा प्रश्न त्याच आठवड्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आला होता. दोन्ही बातम्या जगभरच्या वृत्तपत्रांत एकाच वेळी पोहोचल्या असणार. एका ठिकाणचा प्रश्न पाच दिवसांत मिटला असं जगाने मानलं, दुसरा आजही चालू आहे.

२२ ऑगस्टची ओळ

शोएबुल्लाह खान हे नाव तुमच्या मुलाने शाळेत ऐकलं आहे का, विचारून पाहा.

ते हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक होते. वय अवघं सत्तावीस. रझाकारांच्या अत्याचारांवर ते उर्दूत, मुसलमान वाचकांसमोर, राजधानीत बसून लिहीत होते. संस्थानाने भारतात सामील व्हावं, असं स्पष्ट सांगत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुस्लिम गृहस्थांनी रझाकार संघटना बरखास्त करा आणि भारतात सामील व्हा, असं निवेदन काढलं. त्यांत बाकर अली मिर्झा होते, फरीद मिर्झा होते. फरीद मिर्झा महसूल खात्यात होते आणि रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून त्यांनी नोकरी सोडली होती. 'इमरोज'ने ते निवेदन छापलं. २१ आणि २२ ऑगस्टच्या मधल्या रात्री कचेरीतून घरी परतताना शोएबुल्लाह खान यांना गाठून मारण्यात आलं. ज्या हाताने ते लिहायचे तो हात तोडण्यात आला. सोबत असलेले त्यांचे मेहुणे गंभीर जखमी झाले.

युद्धबंदी त्यानंतर चार आठवड्यांच्या आत झाली. पण तारीख वेगळी म्हणून शोएबुल्लाह खान १७ सप्टेंबरच्या दिनविशेषात येत नाहीत. रझाकार म्हणजे मुसलमान असं जो म्हणतो, त्याला त्यांच्या एका नावाने उत्तर मिळतं. आणि रझाकारांबद्दल बोलायलाच नको असं जो आपल्यातला म्हणतो, त्यालाही त्याच नावाने उत्तर मिळतं. हुतात्म्यांच्या यादीत हे नाव ठळक यावं यासाठी आपण किती अर्ज केले, किती शाळांना सांगितलं?

ज्याला तारीख नाही

आता त्या ओळीकडे येऊ जी कुठल्याच यादीत नाही.

युद्धबंदीनंतर मराठवाड्याच्या आणि कर्नाटकच्या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. केंद्र सरकारने चौकशीसाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले, शंभराहून अधिक गावांतल्या लोकांशी बोलले. त्यांचा अंदाज असा की पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि त्यानंतर राज्यात किमान २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून १८ हजार. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. लातुरात हे सत्र वीस दिवसांहून जास्त चाललं, अशी नोंद त्यात आहे. वीस दिवसांच्या कत्तलीला दिनविशेषाचा कोणता खाना द्यायचा?

हा अहवाल अनेक दशकं लोकांसमोर आला नाही. आज तो दिल्लीच्या पूर्वीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात, म्हणजे आताच्या पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालयात वाचायला मिळतो आणि त्यावर पुस्तकं, लेखही आले आहेत.

अहवालात आणखी काय आहे, तेही सांगितलं पाहिजे. काही ठिकाणी वर्दीतल्या माणसांनी लुटीत आणि हत्येत भाग घेतला, तर अनेक ठिकाणी लष्कराने मुसलमानांचं रक्षण केलं, असं दोन्ही त्यात लिहिलं आहे. शेजारच्या हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान वाचवले, याचे दाखले आहेत. विशेषतः विणकरांचे. एकाच धंद्यातल्या हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हल्लेखोरांपासून वाचवलं, प्रसंगी स्वतः मेले. मागावर शेजारी बसणाऱ्या माणसाचा धर्म त्यांनी विचारला नाही. ही ओळही १७ सप्टेंबरच्या दिनविशेषात असायला हवी. मराठवाड्याला अभिमान वाटावा अशी ती ओळ आहे.

किंमत कोणी भरली

ज्यांच्यामुळे हे सगळं घडलं त्यांचं पुढे काय झालं, हे एका शेजारी एक मांडून पाहा. निजाम मीर उस्मान अली खान २६ जानेवारी १९५० पासून राजप्रमुख झाले आणि ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. कासिम रझवी शिक्षा भोगून १९५७ मध्ये सुटले आणि तेही पाकिस्तानात गेले. राजाला पद मिळालं, पंतप्रधानाला परदेश मिळाला, सेनापतीला दुसरा देश मिळाला. बीड जिल्ह्यातल्या पिंजारी, तांबोळी, आतार, बागवान, शेतमजूर मुसलमानाला यातलं काहीही मिळालं नाही. त्याने ना जहागिरी भोगली होती ना सत्ता. हिशोब मात्र त्याच्याच दारात मांडला गेला, आणि आजही दर १७ सप्टेंबरला त्याच्या नातवाच्या दारात मांडला जातो.

म्हणून मला मुक्तिसंग्राम आपला वाटतो. तो सरंजामी सत्तेविरुद्ध होता. ती सत्ता गरीब हिंदूच्या जशी डोक्यावर होती तशी गरीब मुसलमानाच्याही होती. वरच्या सरकारी जागांवर मुसलमान जास्त होते हे खरं, पण खेड्यातल्या मुसलमानाच्या घरात त्यामुळे ज्वारी जास्त आली नव्हती. मुक्तिसंग्रामाला धर्मयुद्ध म्हणणं हा रामानंद तीर्थांचाही अवमान आहे आणि शोएबुल्लाह खानांचाही.

एका दिवसाची किती नावं

निजामाचं राज्य तीन राज्यांत वाटलं गेलं, आणि हा दिवसही वाटला गेला. आपल्याकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकात तो हैदराबाद-कर्नाटक विमोचन दिन होता, २०१९ मध्ये त्या भागाचं नाव बदलून कल्याण कर्नाटक झालं तेव्हा उत्सवाचंही नाव बदललं. तेलंगणात राज्य सरकारने २०२२ मध्ये राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटलं, २०२४ मध्ये सरकार बदलल्यावर प्रजा पालन दिन म्हटलं. केंद्र सरकारने त्याच वर्षी हैदराबाद मुक्ती दिन जाहीर केला. सत्ता बदलली की नाव बदलतं. नावावरून भांडत बसण्यापेक्षा त्या दिवसात काय काय भरलेलं आहे हे पाहणं जास्त उपयोगाचं.

निजामाच्या काळातल्या कागदांचं महत्त्व आपल्याला अलीकडेच पुन्हा कळलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडली गेली, उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी आली. तहसीलच्या कपाटातला उर्दू कागद आज पुरावा म्हणून चालतो. मग त्याच काळातली उर्दू वर्तमानपत्रं, त्याच काळातल्या माणसांच्या आठवणी का चालू नयेत?

आपण काय करू शकतो

गप्प बसण्याने किंवा उलट फॉरवर्ड करण्याने काही साधत नाही. मला चार कामं सुचतात, सगळी आपल्या आवाक्यातली.

पहिलं, १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनाला जा. जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याला, शाळेत, जिथे असेल तिथे. मोहल्ल्यातल्या पोरांना घेऊन जा. मागे उभे राहू नका.

दुसरं, मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटून सांगा की त्या दिवशीच्या परिपाठात स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदराव पानसरे यांच्याबरोबर शोएबुल्लाह खान यांच्यावरही पाच ओळी वाचाव्यात. बहुतेक शिक्षकांचा विरोध नसतो, त्यांच्यापर्यंत माहिती पोहोचलेली नसते. त्या पाच ओळी मराठीत आपणच लिहून द्या. उर्दू शाळांनीही रामानंद तीर्थांवर पाच ओळी उर्दूत वाचाव्यात.

तिसरं, आणि याला वेळ फार कमी उरला आहे: १९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली माणसं आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, शेजारी असं कोणी असेल तर मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. हिंदू असोत वा मुसलमान. रझाकारांनी त्रास दिला असेल तर तेही, त्यानंतर काय झालं तेही, कोणी कोणाला घरात लपवलं तेही. गावाचं नाव, साधारण महिना, सांगणाऱ्याचं वय एवढं नीट लिहून ठेवा. नेमकी तारीख आठवत नसेल तर खोदून विचारू नका. 'पेरणीच्या वक्ताला', 'ईदच्या आधी' असं ते सांगतील, तसंच लिहा. आणि सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय ते कुठेही टाकू नका. बदल्यासाठी कोणाची नावं फिरवायची नाहीत, हे पक्कं ठरवूनच हे काम हातात घ्या.

चौथं, उर्दू वाचता येणाऱ्या तरुणांनी त्या काळातली वर्तमानपत्रं आणि दप्तरं वाचून मराठीत आणावीत. आपल्याकडे दोन्ही भाषा आहेत. मराठवाड्याच्या इतिहासासाठी ही मोठी भांडवलाची गोष्ट आहे आणि ती आपण वापरत नाही.

यंत्राने काढलेल्या यादीला कळत नाही की तिच्यात कोण राहिलं. तिच्यात नवी ओळ घालायची तर ती माणसालाच लिहावी लागते. येत्या १७ सप्टेंबरला सकाळी पहिला मेसेज आपल्याकडून जाऊ दे. त्यात मुक्तिसंग्रामाला सलाम असेल, शोएबुल्लाह खान यांचं नाव असेल, त्या महिन्यांत दोन्ही बाजूंना मेलेल्या निरपराध माणसांची आठवण असेल आणि शेजाऱ्याला वाचवताना मेलेल्या विणकरांचीही असेल. तो मेसेज आपल्याच ग्रुपमध्ये ठेवू नका. शेजारच्या गल्लीच्या ग्रुपवरही टाका.